गिळलेला घोट

१

आमचे हे चष्म्याच्या दुकानात दिवसभर परक्या बायकांच्या कानामागे बोटं घालतात. धंदाच तसा आहे, त्याला कोण काय करणार? काडी टोचतेय का, चष्मा घसरतोय का, हे बघायला कानाला हात लावावाच लागतो. लग्नाआधी मला हे माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. मी तक्रार करतही नाही. फक्त संध्याकाळी ते घरी आले की त्यांचा शर्ट हातात घेते आणि कॉलर हुंगते.

मला ते अवघड नाही, कारण माझं कामच ते आहे. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. आलेला कपडा आधी नाकाशी धरायचा, मग डाग शोधायचा. घाम, सेंट, तळण, सिगारेट, दवाखाना. माणूस काहीही सांगो, कोट खरं सांगतो. माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही पोलिसात हव्या होतात." मी म्हणते, "वन्सं, पोलीस पगारासाठी संशय घेतात. मी आवडीनं घेते."

पण म्हणून आमच्या घरात सदा भांडणं होती असं नाही. आमचे रविवार फार छान जायचे. गावाबाहेर टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत, तिथे वाइनरी आहेत, आणि प्रत्येकीची आपली टेस्टिंग रूम. दुपारी जेवण झालं की आम्ही गाडी काढायचो. आज ही, पुढच्या रविवारी ती. थोडी थोडी वाइन चाखायची, वेलींकडे बघत बसायचं, एखादी बाटली घेऊन घरी यायचं.

आम्ही ग्लास मात्र एकच मागायचो. आधी हे प्यायचे, मग मी. काउंटरवाले म्हणायचे, दुसरा देतो ना. मी म्हणायची, नको. यांनी घेतलेल्या घोटानंतर उरलेली वाइन मला जास्त आवडायची, आता हसायचं तर हसा.

काउंटरवर एक बादलीही असते, स्टीलची, झाकणाला भोक असलेली. खरे दर्दी लोक वाइन तोंडात घोळवतात आणि त्या बादलीत थुंकतात. आम्हाला ते कधी जमलं नाही. चांगली चीज थुंकायची कशाला, हे आमचं साधं गणित.

२

त्या रविवारी आम्ही टेकडीच्या माथ्यावरच्या वाइनरीत होतो. खोली लांबट, एका बाजूला पूर्ण काच, लाकडी काउंटर हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. तिथला काउंटरवाला उंच आणि बोलघेवडा. वाइन ओतली की विचारायचा, "सांगा, कशाचा वास येतोय?" मग लोक लाजत लाजत सांगायचे. सफरचंद. मध. लिंबाची साल. एकदा आमचे हे म्हणाले होते, "मला तर वाइनचा येतोय," आणि सगळी खोली हसली होती.

काउंटरच्या टोकाला एक बाई एकटीच उभी होती. राखाडी कोट, गळ्यात मळकट हिरवा मफलर. वय माझ्याएवढंच असेल. दिसायला बरी होती. मी आधी तेच बघते. ती यांच्याकडे एकदाही बघत नव्हती आणि मला त्याचाच राग आला. एवढं न बघण्यासारखं काय आहे यांच्यात?

काउंटरवाल्यानं तिला विचारलं तेव्हा तिनं ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"लोखंडी कपाट," ती म्हणाली. "आत कागद अंथरलेला. लवंगा. कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात टांगल्यात. एक जुना लोकरी कोट आहे, कुणी घालत नाही तो. खिशात पुदिन्याची गोळी विरघळून अस्तराला चिकटलीय."

लोक हसले. काउंटरवाला म्हणाला, "वा! हे बाटलीवरच छापायला हवं."

मी हसले नाही. आमच्या झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. डांबरगोळ्यांनी यांचं डोकं दुखतं, म्हणून मी लवंगांची पुरचुंडी टांगते. कोट माझ्या सासऱ्यांचा. ती गोळी मी हाताला लागल्यावर तशीच राहू दिली होती, कारण ती त्यांनीच कधीतरी ठेवलेली.

आता, लोखंडी कपाटं काय कमी असतात? लवंगाही लोक ठेवतात. म्हातारे पुदिन्याच्या गोळ्या खातातच. हे सगळं मी मनात एकीकडे म्हणत होते आणि दुसरीकडे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं घोट घेतला, सावकाश घोळवला आणि गिळला. बादली तिच्या हाताशीच होती.

"काय गं, पी ना," हे म्हणाले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच ठेवला.

३

घरी आल्यावर चपलाही न काढता मी कपाट उघडलं. पुरचुंडी जागच्या जागी होती. मी ती नाकाशी धरली. काहीच नाही. पुरचुंडी सोडून एक लवंग दाताखाली चावली तर तिखट लागली, पण वास नाही. कोटात तोंड खुपसलं, तर नुसती लोकर गालाला टोचली.

मला वाटलं सर्दी झाली असेल. स्वयंपाकघरात जाऊन कांदा कापला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि वासही झणझणीत आला. नाक उत्तम होतं.

तेवढ्यात हे खोलीत आले, कपाटाच्या दाराला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणाचं गं? तुझ्या माहेरचं का?"

हेच कपाट यांनी स्वतः पसंत केलं होतं. जिन्यात अडकलं तेव्हा पाठ लावून वर चढवलं होतं, आणि नंतर आठवडाभर कण्हत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा साळसूदपणा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी धरून चालले.

"ती बाई इथे येऊन गेलीय," मी म्हणाले.

"कोण बाई?"

"मफलरवाली."

"अगं, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

"म्हणजे बघायचं नाही असं आधीच ठरलं होतं ना!"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले की ते असंच करतात. मी रात्रीचं ताट त्यांच्यापुढे आदळलं आणि वर विचारलं, "तिचा नंबर काय? जवळचा की लांबचा?" ते बिचारे ताट संपवूनच उठले.

४

पुढच्या रविवारी ते येत नव्हते. मीच ओढून नेलं. चोर पकडायचा तर चोरीच्या जागी जायला हवं.

मुद्दाम दुसरी वाइनरी निवडली, खालच्या अंगाची. तिची टेस्टिंग रूम तळघरात आहे. दगडी भिंती, ओळीनं मांडलेली लाकडी पिंपं, सगळीकडे ओलसर गारवा. पायऱ्या उतरतानाच मला मफलर दिसला. ती आमच्या आधी येऊन उभी होती.

मी यांना म्हटलं, "पाकीट गाडीत राहिलंय वाटतं, आणा जरा." ते वर गेले आणि मी सरळ तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बोलायचं काय ते पाठ करून आले होते. पण तोंड उघडायच्या आत तिनं ग्लास नाकाशी नेला.

"पत्र्याचा डबा," ती म्हणाली. या वेळी कुणी विचारलंही नव्हतं. "झाकण नीट बसत नाही. आत उशीची खोळ. म्हाताऱ्या बाईच्या डोक्याचं तेल आणि छातीला चोळायचं औषध. कुणीतरी दर दोन-चार दिवसांनी उघडतं आणि लगेच झाकतं. संपू नये म्हणून."

 तो डबा माझ्या शिवणयंत्राच्या मागे आहे. आई गेली तेव्हा मी तिच्या उशीची खोळ न धुता आणली. मी, जी लोकांचे कपडे धुऊन देते, ती. लाजेपोटी मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वन्संना नाही. यांनाही नाही.

म्हणजे यांनी तिला सांगितलेलं नव्हतं. सांगूच शकत नव्हते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, यांनी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. ती यांची कुणी असती तर मी झिंज्या धरून भांडले असते. आता कुणाशी भांडू?

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

तिनं घोट गिळला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "हो ना," ती म्हणाली. "फार मायाळू आहेत."

घरी येऊन डबा उघडला. आत एक पिवळट खोळ होती. कुठल्याही दुकानात मिळते तशी, कुणाचीही. मी ती तोंडावर दाबून धरली आणि हमसून हमसून रडले. आईचा चेहरा आठवत होता, पण फोटोतला आठवावा तसा. आई मला सोडून त्या बाईकडे गेली, असंच मला वाटलं. आणि त्या बाईला माझी आई एका घोटात कळली होती. मला जन्मभरात इतकं नेमकं सांगता आलं नसतं. त्याचाही मला जळफळाट झाला.

५

वन्संना फोन करून मी एवढंच सांगितलं की एक बाई आमच्या मागे लागलीय. त्या म्हणाल्या, "मग जाऊ नका ना तिकडे! घरी बसा. तिकडे भेटणारी बाई घरात कशी शिरेल?"

बोलणं बिनतोड होतं. त्या रविवारी आम्ही घरी बसलो. हे पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहाचा कप घेऊन बसले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता.

दाराशी चपलांचा स्टँड आहे. चामडं, धूळ, पॉलिश, असा त्याचा एक वास असतो. येता जाता लक्षातही येत नाही. तो गेला. दिवा घालवल्यावर जाणवावं तसं मला ते जाणवलं. मी उठून स्टँडजवळ वाकले. काही नाही.

मग दारामागच्या छत्रीचा गेला. मग पडद्याचा. मी पडदा नाकाशी धरून उभी होते आणि तो माझ्या हातातच संपला. थोडा वेळ काहीच झालं नाही. एक घोट गिळायला आणि दुसरा ओतून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. मग भिंतीतल्या फडताळाचा, त्यातल्या जुन्या मासिकांचा. दारापासून आतवर, क्रमानं. मी मागे सरकत सरकत स्टुलाशी आले तर कपात नुसतं तांबूस गरम पाणी उरलं होतं.

पुढे वेताची खुर्ची होती.

मी धावले. यांच्या तोंडावरचा पेपर फेकला आणि मानेत नाक खुपसलं, अगदी कानामागे. होता. साबण, घाम, दुकानातल्या गरम केलेल्या काड्यांचा प्लास्टिकचा वास, आणि त्याखाली तो, ज्याला नाव नाही, ज्याच्यासाठी मी रोज कॉलर हुंगायची. संशय वगैरे सगळं सांगायला हो. मला तो वास हवा असायचा.

"उठा," मी म्हणाले. "निघायचंय."

ते दचकून उठले, भोवताली बघितलं. पडदे, फडताळ, दार. मग अगदी हळू आवाजात, चारचौघांत विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "आपण कुणाकडे आलोय गं?"

मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात कोंबली.

६

टेकडीवरच्या वाइनरीत पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. काचेतून तिरपं ऊन काउंटरवर पडलं होतं. उंच काउंटरवाला ग्लास पुसून उलटे ठेवत होता. टोकाला ती उभी होती आणि तिच्या ग्लासात नुकतीच ओतलेली वाइन होती.

हे दाराशीच थांबले, चष्मा पुसत.

तिनं ग्लास उचलला, नाकाशी धरला, आणि तिचा चेहरा उजळला. असा चेहरा मी ओळखते. लग्नाच्या फोटोत माझा आहे.

"माणूस आहे," ती म्हणाली. "प्लास्टिकच्या काड्या, गरम पाण्यात बुडवून वाकवलेल्या. कानामागचा साबण. रागावला की चष्मा पुसतो. कुणी कितीही बोललं तरी ताटावरून उठत नाही. अगं बाई, किती सरळ माणूस आहे हा!"

"माझा आहे," मी म्हणाले आणि तिच्याजवळ गेले.

इतक्या जवळ मी आधी गेले नव्हते. मी रोज कपडे हुंगते. धुतलेल्या कपड्यालाही वास असतो, कोऱ्यालाही असतो. तिच्या कोटाला नव्हता. मफलरला नव्हता. केसांना नव्हता. तिथे बाई उभी आहे हे नुसतं डोळ्यांना कळत होतं. मग ती माझ्याकडे वळली, काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडावर आमचं घर आलं. लवंगा. चपलांचं पॉलिश. पडदे, मासिकं, चहा. आणि सगळ्यांच्या मागून आईचं तेल, ओलं, ताजं, जसं ती नुकतीच उशीवरून उठलीय.

मी एक पाऊल पुढे गेले. मला तिच्या तोंडात डोकं घालावंसं वाटलं, इतकं ते जवळ होतं. तिच्या दातांच्या पलीकडे अंधार होता आणि त्या अंधारात, देवाशपथ सांगते, कुणीतरी आमच्या कपाटाचं दार लावलं. ते लावताना कुरकुरतं तसंच कुरकुरलं.

तिनं ग्लास ओठाकडे नेला. मी तो हिसकावला आणि तिच्या आधी स्वतःच्या तोंडात ओतला.

हे माझ्या जिभेवर आले. सगळेच्या सगळे. नुसते आजचे नाहीत. पहिल्यांदा घरी बघायला आले तेव्हाचे, कॉलरला खळ लावलेले आणि घामेजलेले. तापानं फणफणलेले. रागावलेले. मी ज्यांच्यावर संशय घेतला ते, आणि ज्यांनी कधी काहीच केलं नव्हतं तेही. दोन्ही एकच होते.

"थुंका," ती म्हणाली. तिनं बादली माझ्यापुढे सरकवली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "ताई, गिळू नका. बादलीत थुंका, म्हणजे ज्याचं त्याच्याकडे परत जातं."

मी बादलीकडे बघितलं. झाकणाच्या भोकातून आत दिसत होतं. दिवसभरात किती जण त्यात थुंकले असतील. कुणाकुणाच्या लिपस्टिकचे तवंग, कुणाची लाळ, आणि त्यात यांना टाकायचं? तिच्या डोळ्यांदेखत? आणि नंतर ती हात घालणार नाही कशावरून?

"ऐका माझं," ती म्हणाली. "माझाही होता एक. मलाही नाही थुंकवलं."

माझे गाल दुखायला लागले होते. काउंटरवाला हातातलं फडकं थांबवून बघत होता. दाराशी हे उभे होते, पुसून झालेला चष्मा हातात धरून, आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

मी गिळलं.

७

ती लगेच निघून गेली. काउंटरवाला म्हणाला, "आता बंद करतो हं," आणि मी बाहेर आले.

गाडीशी तो माणूस उभा होता. शर्ट तोच होता, मीच इस्त्री केलेला. मी त्याच्या शेजारून गेले, मान वाकडी करून अगदी कानापाशी श्वास घेतला. काहीच नाही. तो संकोचून बाजूला झाला.

"सोबत कुणी नाही का तुमच्या?" त्यानं विचारलं. आवाज मऊ होता. दुकानात नव्या गिऱ्हाइकाशी तो असाच बोलतो. "इथून रिक्षा वगैरे मिळणार नाही. मी खालीच चाललोय. वाटेत सोडतो, हवं तर."

मी मागच्या सीटवर बसले. पुढे बसणं बरं दिसलं नसतं.

उतारावर वेलींच्या रांगा मागे मागे जात होत्या. आरशात त्याचे डोळे दोनदा माझ्याकडे वळले, काळजीनं, सज्जनपणानं. दोन्ही वेळा मला वाटलं, बोलावं. सगळं सांगावं. नाव सांगावं, घर सांगावं, कपाट जिन्यात अडकलं होतं ते सांगावं. माझ्या जिभेवर, टाळूला, घशाशी हे होते, पूर्ण होते, अजून गरम होते.

"ताई," तो म्हणाला, "घर कुठं आलं तुमचं?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं असतं तर हे बाहेर गेले असते, आणि गाडीच्या काचा उघड्या होत्या.